हुस्नबानोची भिंत

लोणावळ्यातल्या आमच्या आळीचा इतिहास कुणी विचारला, की मी हुस्नबानोच्या भिंतीपासून सुरू करतो. आधी पावाची भट्टी आली, मग तिच्या उबेला घरं आली, असं माझे वडील सांगायचे. खरं-खोटं ती भट्टी जाणे. भट्टीची मागची भिंत तीच हुस्नबानोच्या स्वयंपाकघराची.

पावसाळ्यात आमच्याकडं धुकं खिडकीतून आत येतं आणि पाहुण्यासारखं गादीवर बसतं. कापड वाळायचं नाव घेत नाही. म्हणून आळीतल्या प्रत्येक बाळाची दुपटी वाळायची ती हुस्नबानोच्या भिंतीवर. माझ्या लेकींची वाळली, लेकींच्या पोरांचीही. सगळ्यांना पावाचा वास. झोपेत हसणारं बाळ पाहिलं की मला वाटायचं, हे नक्की पावाच्या डोंगरावरून घसरतंय.

औंदा भट्टी विजेची झाली आणि रस्त्यापल्याड गेली. भिंत गार पडली. हुस्नबानोचा मुलगा आवेज तळेगावात फ्लॅट घेऊन राहतो. भर आषाढात तो टेम्पो घेऊन दारात.

"अम्मी, भिंत गरम हाय तवर मी हितंच, असं तूच म्हणायचीस. आता चल."

बाई शब्दाची पक्की. गुमान भांडी बांधायला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो.

तेवढ्यात शेजारची हिरा ओल्या दुपट्यांची बादली घेऊन आली. तिची सून अमृता नुकती बाळंत झालेली. सवयीनं पाय इकडंच वळलेले.

"हिरे, भिंत गार हाय गं."

"व्हय की. मग कुटं नेऊ, मावशी?"

हुस्नबानोनं क्षणभर बादलीकडं बघितलं. मग बांधलेल्या गाठोड्यातून शेगडी काढली, कोळसे पेटवले, वर वेताची टोपली पालथी घातली आणि तिच्यावर दुपटी पसरली. वाफ उठली, धुक्यात मिसळली. खोली कुठं संपते, ढग कुठं सुरू होतो, कळेना. माझी बायको अंबूबाईही हळूच नातवाची चड्डी घेऊन आली.

"अम्मी, टेम्पो उभा हाय," आवेज म्हणाला.

"एवढी वाळू दे, मग निघते."

"लोणावळ्यात? आषाढात?"

"मी येत न्हाई म्हनले का?"

आवेज हसायला लागला. भिजलेला शर्ट काढून त्यानं आईच्या हातात दिला आणि टेम्पो रिकामाच परत धाडला.

आता श्रावण चाललाय. तळेगावाहून आवेजचा फोन येतो, "वाळली का?"

"दमट हायेत रे अजून," हुस्नबानो सांगते आणि कोळशांवर फुंकर घालते.