पुस्तकासाठी खूण

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसलेली बाई टॅटिंगची लेस विणत होती. आत तिची मुलगी होती आणि माझा भाऊ. पांढरा दोरा गुंडाळलेली बोटाएवढी शटल तिच्या बोटांमधून खालून-वरून फिरत होती आणि लेसची एकेक कडी तयार होत होती. नमुना तिच्या आईच्या जुन्या रुमालाच्या काठावरचा होता.

"पुस्तकात ठेवायला खूण करतेय," ती म्हणाली. "तिचं अर्धं वाचून झालंय. पान दुमडलेलं तिला चालत नाही."

मला तिचा हेवा वाटला. देवाला जे सांगायचं ते सांगून संपलं होतं आणि माझे हात नुसते मांडीवर पडले होते. आपलं माणूस त्या दाराआड गेलं, की त्याला घोटभर पाणी देण्याइतकंही काम आपल्याकडे उरत नाही.

डॉक्टरांनी तिला बोलावलं. "जरा धरता का? दोरा सैल पडेल," म्हणत तिने लेस माझ्या हाती दिली. ती येईपर्यंत मी दोरा ताणून धरून बसले.

"अजून काही सांगता येत नाही म्हणाले." तिने लेस परत घेतली आणि नवी कडी घालायला लागली.

ती खूण एव्हाना कुठल्याही पुस्तकापेक्षा लांब झाली होती. तिलाही ते दिसत असणार. तिची बोटं थांबली नाहीत.