पूनमचं निवडुंग

आईला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. नवऱ्याला तर काय सांगणार — तुझ्या मनात काय चाललंय, असं त्यानं जन्मात विचारलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असता तर तोंड उघडलं नसतं, हे आधीच बोलून ठेवते.

एका झाडाची गोष्ट आहे. म्हणजे झाडाची नाही खरं तर, पण सुरुवात तिथनंच करते, नाहीतर मला जमायचं नाही. मुठीएवढं निवडुंग होतं. गोल, अंगभर बारीक काटे, काट्यांच्या बुडाशी पांढरा कापूस लावावा तशी लव. आमचे विलास भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते सेलमहून घेऊन आले. बायकोसाठी. साडी आणली, पैंजण आणले, आणि वर हे.

आम्ही विट्याचे. आमच्याकडं घराआड एकजण तरी सोनं गाळायच्या दुकानावर परमुलखात असतो. आमच्या घरातले दोघंही भाऊ सेलमला. यात्रेला आणि दिवाळीला घरी यायचं, बाकी सगळा संसार फोनवर. इकडं घरात आत्याबाई — म्हणजे सासूबाई — मी, माझी शाळेतली दोन पोरं, एक म्हैस, आणि ही नवी आलेली पूनम.

पूनम कुंडलची. लय साधी. इतकी साधी की राग यायचा. तुम्हाला नाही येत का राग असल्या माणसांचा? काहीही बोला, डोळे मोठे करून ‘व्हय अक्का’. मी मोठी जाऊ, मी सांगेन ते बरोबर.

निवडुंग बघितल्या बघितल्या आत्याबाई उखडल्या. काटेरी झाड घरात आणलं की घरात भांडणं लागतात, टाक तिकडं उकिरड्यावर. भाऊजींनी मोबाईल काढून फोटो दाखवला — तसल्याच झाडाच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं गोल कडं. आत्याबाईंनी चष्मा लावून निरखून बघितलं. त्या दिवसांत भाऊजी त्यांच्या मागंच लागले होते, पूनमला सेलमला नेतो म्हणून. दुकानाच्या वर खोली होती, कामगारांना जेवण करून घालायला बाईमाणूस हवंच होतं. आत्याबाईंना ते नको होतं. धाकटी गेली तर वैरण कोण आणणार, पाय कोण दाबणार? मग त्यांनीच तोडगा काढला. म्हणाल्या, “काट्याला फूल आलं तर ती लक्ष्मी. ज्या दिवशी ह्ये फुलंल, त्या दिवशी पूनमची ओटी भरून गाडीत बसवती. तवर नाव काढायचं न्हाई.”

भाऊजी हसायला लागले. त्यांना वाटलं, दोन-चार महिन्यांचा प्रश्न. आणि आत्याबाई हट्टी असल्या तरी दिलेला शब्द फिरवणाऱ्या नव्हत्या, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. म्हणजे झाड फुललं असतं तर पूनम गेली असती. एवढं सरळ होतं ते.

ते झाड पूनमनं कसं सांभाळलं ते सांगते. येरळा नदीची वाळू आणून, चाळून कुंडीत घातली. दात घासायच्या जुन्या ब्रशनं काट्यांमधली धूळ काढायची. पाणी चमच्यानं. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी ऊन तापलं की आत, पाऊस लागला की ओट्याखाली. भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला की पहिला मोबाईल झाडावर धरायची. तिकडनं ते विचारायचे, “आलं का गं?” आणि ही खालच्या आवाजात म्हणायची, “आज न्हाई.” मी स्वयंपाकघरात भाकरी थापत ऐकायची.

आणि माझा नवरा? तोही त्याच दुकानात, त्याच खोलीत. माझ्या लग्नाला तेव्हा किती वर्षं झाली होती, पण ‘तू चल’ असं त्याच्या तोंडातनं एकदा तरी निघालं असेल तर शपथ. मी घर सांभाळते, पोरांची शाळा बघते, असं मी लोकांना सांगायची. ही कालची पोरगी गेली असती म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं असतं, की नेणारे नेतात — थोरलीलाच कुणी नेत नाही.

हे मी कारण म्हणून सांगत नाही हं. त्या वेळी डोक्यात काय होतं तेवढं सांगितलं. कारणं तर सगळ्यांकडं असतात.

तर — माघ महिना होता. पूनम वैरणीला गेली होती. मी खिडकी पुसत होते. झाडाच्या डोक्यावर, त्या पांढऱ्या लवीतनं गोल रांगेत बारीक बारीक लालसर टिपके वर आलेले. मोहरीएवढे. मी वाकून बघितलं. कळ्या होत्या.

मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कपाटात दुकानातला एक चिमटा होता. सोन्याचा कण उचलायचा असतो ना, तसला, टोकाला सुईसारखा बारीक. तो आणला. एक एक कळी धरली आणि उपटली. काट्याला धक्का लावला नाही. सगळ्या कळ्या मुठीत घेऊन अंघोळीच्या पाण्याच्या बंबाच्या जाळात टाकल्या. मग हात धुतले आणि भांडी घासायला बसले.

पहिल्यांदा ते हातनं असंच होऊन गेलं, असं मी लय दिवस स्वतःला सांगत होते. काय होऊन गेलं? चिमटा काय आपोआप कपाटातनं चालत आला?

त्यानंतर मी रोज बघायला लागले. पूनम वैरणीला गेली की मी खिडकीत. त्या झाडाला तिच्यापेक्षा जास्त मीच ओळखायला लागले — कुठल्या काट्यामागं कळी धरणार, हे मला आदल्या दिवशी कळायचं. आणि खरं बोलायचं तर मला मजा यायची. संध्याकाळी ती वैरणीचा भारा टाकून, तोंडसुद्धा न धुता पहिली झाडापाशी जायची, वाकून बघायची, आणि तशीच सरळ व्हायची. ते बघायला मी मुद्दाम दारात उभी राहायची. हातातलं काम टाकून.

एकदा तिला झाडावर एक बारीक जखम दिसली. “अक्का, ह्ये बघा वं, कायतरी कुरतडतंय.” मी म्हटलं, मुंग्या असतील. तिनं दुकानातनं मुंग्यांचा खडू आणला आणि कुंडीभोवती गोल रेघ ओढली. रोज नवी ओढायची. मी त्या रेघेच्या वरनं हात घालायची.

मग तिनं मलाच विचारायला सुरुवात केली. काय घालू, कसं करू? मी सांगितलं, ताक घाल. तिनं घातलं. एका बाजूनं झाड मऊ पडून कुजायला लागलं, तेव्हा तिनं रडत रडत ती बाजू सुरीनं काढली आणि वर हळद लावली. मी सांगितलं, मंगळवार धर. तिनं मंगळवार धरले. दिवसभर उपाशी, आणि तशीच म्हशीची धार काढायला. आत्याबाईंना तिचं कौतुक वाटायचं. एका मंगळवारी तिनं मला विचारलं, “माझ्या हातालाच गुण न्हाई का वं अक्का?” तव्यावरची भाकरी उलटत मी म्हटलं, हातगुण असावा लागतो बाई. सगळ्यांच्या नशिबी नसतो.

पुढच्या माघात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या माघातही तेच. भाऊजींनी आत्याबाईंशी एकदा भांडूनही बघितलं — आई, कसलं झाड आणि कसलं काय. आत्याबाई म्हणाल्या, शब्द म्हंजे शब्द. मी त्यांच्या शेजारी बसून शेंगा फोडत होते. मी एवढंच म्हटलं असतं, की जाऊ द्या आत्याबाई, पोरगी आहे, तर त्या ऐकत होत्या माझं. नाही म्हटलं.

व्हिडिओ कॉल कमी होत गेले. यात्रेला भाऊजी आले, पण दोनच दिवस. पूनमला मूल नव्हतं. नवरा वर्षातनं दोनदा येणार, तर मूल काय आभाळातनं पडणार? पण बायका बोलायला लागल्या. मग दुकानातला एक कामगार गावी आला, त्यानं सांगितलं — विलासशेठनी तिकडचीच एक बाई ठेवलीय. वरच्या खोलीत राहती. जेवण तीच करती.

पूनमचे वडील आणि भाऊ कुंडलहून आले. सोप्यात बैठक बसली. भाऊजी आलेच नाहीत, फोनवर म्हणाले, मला ती नको. पूनम स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी. तिचा भाऊ तापला होता, पण वडील शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, “आमच्या पोरीचं काय चुकलं, तेवढं सांगा. म्हंजे तिला समजावून न्हेतो.” आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, ही तिच्यासंगट ऱ्हातीया, हिला इचारा.

आता हे नीट ऐका. त्या सकाळी झाडाला कळ्या आल्या होत्या. पाहुणे येणार म्हणून बंबाजवळ सारखं कुणीतरी होतं, म्हणून त्या मी टाकल्या नव्हत्या. पदराच्या गाठीत होत्या. गाठ कमरेला खोचलेली. आणि तशी मी त्या बापाला म्हणाले, “तिचं चुकलं असं न्हाई मामा. पर तिच्या हाताला काय येतच न्हाई. मूल न्हाई ते न्हाई, एक झाड सांगितलं व्हतं फुलवायला, त्येबी फुललं न्हाई.”

भाऊ एवढा तापलेला, तोही खाली बघायला लागला. वडिलांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. आणि पूनम — मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर येईल. आली असती तर बरं झालं असतं. तिनं मान हलवली. व्हय, म्हणून. तिला पटलं होतं ते.

जाताना तिनं कुंडी माझ्या हातात दिली. अक्का, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, म्हणाली, माझ्यापाशी मरंल.

त्यानंतर मी चिमटा लावला नाही. लावायचं कारणच उरलं नव्हतं. पुढचा माघ आला आणि झाड फुललं. भाऊजींच्या फोटोत होतं तसंच, डोक्यावर गुलाबी कडं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकजण म्हणाली, बघा, पांढऱ्या पायाची गेली आणि झाड फुललं. आत्याबाई म्हणाल्या, व्हय गं बया. मी सगळ्यांना चहा दिला.

आणि आत्याबाईंनी शब्द पाळला. पूनमची नाही, माझी ओटी भरली आणि मला सेलमच्या गाडीत बसवलं. मालकांनी दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी बघितली, आणि विचारलं, “किती दिवस ऱ्हाणार?” वरच्या खोलीतनं भाऊजींच्या त्या बाईच्या हसण्याचा आवाज येत होता. चार महिने भाकऱ्या थापल्या त्या सगळ्यांसाठी, मग आत्याबाईंचा पाय मोडला म्हणून परत आले. परत आले तेव्हा मालकांनी ‘थांब’ म्हटलं नाही. हे सांगून मला शिक्षा झाली असं दाखवायचं नाही. शिक्षा म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं.

मागच्या वर्षी थोरल्या पोराला साताऱ्याला एमआयडीसीत नोकरी लागली. त्याला भेटून परत निघाले होते. साताऱ्याच्या स्टँडवर मागनं हाक आली, “अक्का!”

पूनम होती. वाळली होती, पण डोळे तसेच. इथंच खोली घेऊन राहते, एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. मला बाकावर बसवलं, पळत जाऊन चहा आणला. आत्याबाई कशा हायेत, पोरं कशी हायेत, म्हैस व्याली का. आणि मग — झाड हाय का? मी म्हटलं, आहे. फुलतंय? फुलतंय.

तिला इतका आनंद झाला. म्हणाली, मी म्हणलंच व्हतं, तुमचा हात चांगला हाय.

मग तिनं आपणहून सांगितलं. एक स्थळ आलं होतं. बायको गेलेला माणूस, चांगला, दोन लहान लेकरं. तो दोनदा येऊन गेला. लेकरंही हिच्याजवळ येऊन बसली, धाकटी तर मांडीवर झोपली. हिनं नाही म्हणून सांगितलं. “मला लय वाटलं वं अक्का, व्हय म्हणावं. पर दुसऱ्याची लेकरं हायेत. माझ्या हातानं काय जगत न्हाई. त्यांचं वाटोळं झालं म्हंजे?”

विट्याची गाडी लागली होती. सुटायला अजून वेळ होता. मी तिच्या शेजारीच बसले होते, तिचा हात माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्या माणसानं अजून दुसरीकडं जमवलं नव्हतं, हेही तिनं सांगितलं होतं.

मी कप ठेवला आणि उठले. पूनम वाकली, माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागं घेतले नाहीत. सुखी राहा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.