हेमाताई शोरूममधून निसटल्या

हेमा पाटणकर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. दिल्ली जोडून दे, कानपूर जोडून दे, यात सगळी नोकरी सरली. स्वतः मात्र महाबळेश्वरच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. निवृत्त होऊन विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि एका संध्याकाळी शेजारच्या कल्याणीने बँकॉकच्या सहलीचं पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं.

"अहो, जायचं का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

दिगंबरराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "उकाडा बघायला बँकॉक कशाला? पुण्यात मे महिना फुकट येतो."

"मग मी जाते."

"जा. पासपोर्टवरचा फोटो बघून त्यांनी आत घेतलं तर."

हेमाताई खरंच गेल्या.

पहिले दोन दिवस बसमधून चढण्या-उतरण्यात गेले. सहलीचा मॅनेजर सौरभ केशरी छत्री उंच धरून पुढे चालायचा आणि सगळे तिच्यामागून. देऊळ नीट दिसायच्या आत "चला, बसमध्ये" सुरू व्हायचं. तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना रत्नांच्या एका भल्यामोठ्या शोरूममध्ये नेलं. दागिने संपले की वर चामड्याच्या पर्सा, पर्सा संपल्या की त्याच्याही वर गाद्या. गाद्या बघून हेमाताईंचा जीव गुदमरला. "जरा वारा खाऊन येते," असं कल्याणीला सांगून त्या बाहेर पडल्या.

मागच्या गल्लीत एक कालवा होता. पाणी काळंभोर, वास अगदी मुठा नदीची आठवण करून देणारा. तेवढ्यात धडधडत एक लांबलचक बोट आली. ती धड थांबलीही नाही, तोवर माणसं पटापट उड्या मारून उतरली आणि तितकीच चढली. मागच्या बाईने कोपराला आधार दिला आणि काय होतंय ते कळायच्या आत हेमाताई बोटीत बसलेल्या होत्या.

जागा मिळाली ती अगदी कडेची. समोरच्या म्हाताऱ्याने एका दोरीकडे बोट दाखवलं. हेमाताईंनी ती ओढली, तर बोटीच्या कडेने प्लॅस्टिकचा पडदा सर्रकन वर चढला आणि पुढच्याच क्षणी समोरून येणाऱ्या बोटीची लाट फाडकन त्याच्यावर आदळली. आतले सगळे कोरडे. लाट गेली, दोरी सोडायची, म्हणजे वारा येतो. पुन्हा बोट आली, ओढायची. दोन थांबे जाईपर्यंत त्यांना ताल सापडला. हेल्मेट घातलेली कंडक्टरबाई बोटीच्या बाहेरच्या कडेवरून, पाण्याच्या वर, तिकिटं देत चालत आली आणि हेमाताईंना दोरी ओढताना पाहून तिने अंगठा वर केला. मग एक बुटका पूल आला तेव्हा बोटीचं छप्परच खाली बसलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. हेमाताईंना असं काही हसू फुटलं, की त्यांचं बघून अख्खी रांग हसायला लागली.

बोटीच्या शेवटच्या थांब्यापासून जवळच एका टेकडीवर सोनेरी कळस चमकत होता. त्या चढून गेल्या. वाटेत घंटा टांगल्या होत्या. त्यांनी एकही सोडली नाही. वर भणाणता वारा, खाली पसरलेलं बँकॉक. त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, मी हरवलेय."

दिगंबररावांनी चष्मा सारखा केला. "हरवलेली माणसं इतकी खूश नसतात. हॉटेलचं नाव माहीत आहे?"

"त्यांच्या लिपीत छापलेलं कार्ड आहे पर्समध्ये."

"मग हरवलीस कुठे? आणि ते मागे काय चमकतंय? जरा फोन डावीकडे वळव."

त्यांनी चारही बाजूंना फोन फिरवून दाखवला. पलीकडे हातातला पेपर बाजूला पडला. मग दिगंबरराव म्हणाले, "तिकडेच बस थोडा वेळ. इथे मला काही काम नाही."

हेमाताई त्याच बोटीने परत आल्या. आता चांगली खरडपट्टी निघणार अशी मनाची तयारी केली होती. पण शोरूममध्ये त्या गेल्याचा कुणाला पत्ताच नव्हता. मंडळी अजून गाद्यांवर झोपून बघत होती. त्यांनी कल्याणीला सगळं सांगितलं, कल्याणीने अख्ख्या बसला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीचं खरेदीचं ठिकाण एकमताने रद्द झालं. सौरभ छत्री मिटून बोटीत बसला. दोरी त्याच्याच हातात दिली होती. पहिल्याच लाटेला तो चुकला आणि नखशिखांत भिजला.

पुण्यात आल्यावर विश्रांतवाडीपासून पार कर्वेनगरपर्यंतची माणसं हेमाताईंकडे सल्ला मागायला येऊ लागली. त्या सांगत, "देवळं सकाळी उन्हाच्या आत बघा. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. भर दुपारी कुठल्याही शहरात बोटीत नाहीतर मेट्रोत बसून राहा, शहर आपणहून दिसतं. आणि डबाभर चिवडा नेऊ नका, तिथलं खायचं राहून जातं."

आतून दिगंबरराव सांगत, "कार्डाचं सांग. हॉटेलच्या कार्डाचं राहिलं."

पुढच्या सहलीला ते न बोलावता तयार झाले. या वेळी हनोई. छत्री नाही, बस नाही, दोघंच. पहिल्याच चौकात स्कूटरचा पूर लोटलेला होता आणि फुटपाथवर एक उंचंपुरं गोरं जोडपं हतबल होऊन उभं होतं.

"थांबायचं नाही, पळायचं नाही, सरळ चालत राहायचं," हेमाताईंनी वाचलेलं सांगितलं.

"हे मला शिकवतेस? मी लक्ष्मी रोड गणपतीत ओलांडलाय." दिगंबररावांनी एक हात आडवा धरला, दुसऱ्या हाताने त्या गोऱ्या बाईला धरलं आणि निघाले. स्कूटरी दोन्ही अंगांनी वळसे घालून गेल्या. पलीकडे टाळ्या पडल्या. इकडे बघतात तो आणखी चौघं खोळंबलेली. ते परत आले, त्यांना घेऊन गेले. मग एक कोरियन आजी. मग शाळेची एक सहल.

"अहो, बघायचं ठरवलेलं देऊळ बंद होईल," हेमाताई म्हणाल्या.

"उद्या उघडेल. ही माणसं रात्रभर इथेच राहतील."

देऊळ बंद झालंच. दोघं कोपऱ्यावर प्लॅस्टिकच्या वीतभर उंचीच्या स्टुलांवर कॉफी प्यायला बसली. घामाने निथळलेले दिगंबरराव लहान पोरासारखे हसत होते. कॉफी संपल्यावर उठायला गेले, तर गुडघे उठेनात. कॉफीवालीने एक हात धरला, हेमाताईंनी दुसरा, आणि तिघंही हसत हसत तशीच खाली बसली.