फितूर कोण?

परगावी चार मराठी माणसं जमली की आधी पोहे होतात, मग किस्से. पोहे संपतात, किस्से साठत जातात!

आमचा अड्डा इंदिरानगरला, शिंदे अण्णांच्या घरी. अण्णांच्या कित्येक पिढ्या बेंगळुरूतच गेल्या. रविवारी दुपारी जुना इंग्रजी पिक्चर दाखवायचा त्यांना नाद. बघायला आम्ही तिघं: मी, बेळगावची मेघा आणि नागपूरचा निखिल. तिघंही एचएसआर लेआउटमधल्या एकाच ऑफिसात.

*

त्या रविवारी ब्लॅक-अँड-व्हाइट थ्रिलर होता. बर्फात अडकलेले सहा जण, खायला जेमतेम, आणि त्यातलाच एक शत्रूला फितूर. अण्णांनी मध्येच पॉज केलं. "बोला, फितूर कोण?"

मेघा म्हणाली डॉक्टर. मी म्हटलं म्हातारी. निखिल म्हणाला, "ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे, तो!"

अण्णा गंभीर झाले. "मी चौथ्यांदा बघतोय. दर वेळी चुकतो."

*

सोमवारी ऑफिसात बातमी आली: आमच्या तिघांच्या टीममधला एक जण कमी करणार. झालं! मॅनेजरनं मेघाला काचेच्या केबिनमध्ये अर्धा तास बसवलं. ती हसत बाहेर आली.

"हसतेय? म्हणजे आपल्यापैकी एकाचा गेम झाला," निखिल माझ्या कानात पुटपुटला.

*

मंगळवारी निखिलनं डेस्कवरचा कॉफीचा मग घरी नेला. मेघानं मला जिन्यात गाठलं. "मग नेला की रे त्यानं! कुणाचं नाव आहे ते ठाऊक आहे बघ त्याला."

चौकशी केली, तर कान तुटला होता. मगाचा!

*

बुधवारी माझा नंबर. मॅनेजर म्हणाला, "निखिल की मेघा? एक नाव दे."

मी निखिलचं नाव घेतलं. दुपारी त्यानंच मला डब्यातली वांग्याची भाजी वाढली.

*

शुक्रवारी निखिलची नोकरी गेली. रविवारी तो अण्णांकडे आला, नेहमीच्या जागी बसला. पिक्चर सुरू झाला. मला राहवेना.

"निखिल, तुझं नाव मी दिलं होतं."

तो पडद्याकडेच बघत राहिला. "वाटलंच होतं. मलाही विचारलं होतं, तू की मेघा."

"मग?"

"नाही दिलं. कुणाचंच."

आम्ही दोघांनी एकदमच मेघाकडे बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली, "स्वल्प आवाज वाढवा की. काही ऐकूच येईना."