डी म्हणजे डी

कुणाचं नाव कळलं, की भोईरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "कोणी ठेवलं? आणि का?" समोर नवा इंजिनिअर असो, कँटीनचा आचारी असो, की तपासणीला आलेला मोठा साहेब असो, त्यातून सुटका नव्हती. माणसं गोंधळायची, हसायची, मग आठवून आठवून सांगायची. मी कारखान्यात रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी मलाही विचारलं. मी फटकारलं, "नसत्या चौकशा तुम्हाला कशाला हव्यात?" ते म्हणाले, "राहिलं, जाधवबाई," आणि पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मला त्यांचं ते पुन्हा न विचारणंसुद्धा खटकलं. माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, हिच्या हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी वास घेऊन बघेल.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. लष्कराला लागणारे काही सुटे भाग तिथं बनत, त्यामुळे गेटवर झडती, भिंतीवर सूचना आणि जिथं तिथं संशय. मी आवक-जावक विभागात कारकून. येणारं प्रत्येक पाकीट माझ्या रजिस्टरात चढल्याशिवाय पुढं जात नसे. भोईर स्टोअरमध्ये हेडक्लार्क. बदलापूरच्या बेलवलीत घर, जुनं शेतकऱ्याचं घराणं, आणि त्यात मॅट्रिकच्या पुढं शिकलेले हे पहिलेच. रोज सायकलवरून यायचे. अंगात पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं.

जगाला नावाची जन्मकथा विचारणारा हा माणूस स्वतःचं नाव मात्र सांगत नसे. मस्टरवर डी. के. भोईर. डब्यावर डी. के. छत्रीच्या दांड्यावर डी. के. सर्व्हिस बुक मुंबईच्या हेड ऑफिसात, आणि बेलवलीचं दुसरं कुणी आमच्याकडे कामाला नव्हतं. कुणी विचारलंच, "डी म्हणजे काय हो?" तर उत्तर ठरलेलं. "डी म्हणजे डी." आता सांगा, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यावर संशय घ्यायचा नाही तर कुणावर घ्यायचा?

एक सांगायला हवं, जेवणाच्या सुट्टीत ते रंगात आले की ऐकत बसावं असं बोलायचे. विषय एकच, युरोपातल्या लोकांची नावं. आमच्याकडे वसईचा जॉन परेरा टायपिस्ट होता. त्याला म्हणायचे, "परेरा, तू एकटा नाहीस. जर्मनीत तू योहान, रशियात इवान, इटलीत जोव्हानी. अर्थ काय, तर देवाची कृपा झाली. म्हणजे आमच्या गावातला देवदत्त आणि तू एकाच माळेचे." जॉर्ज या नावावर तर त्यांचा विशेष लोभ. "ग्रीकमध्ये जॉर्ज म्हणजे जमीन कसणारा. इंग्लंडच्या गादीवर सहा-सहा जॉर्ज बसले. सहाही कुळवाडी! आणि आमच्या बापाला तलाठी उभा करत नव्हता." थॉमस म्हणजे जुळा, मार्गारेट म्हणजे मोती, क्लॉड म्हणजे लंगडा. उर्सुला म्हणजे अस्वलाचं पिल्लू, हे सांगून ते स्वतःच खदखदायचे. "साहेब लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत असं समजू नका. पोटच्या पोरीला अस्वल म्हणतात!"

"पण हे तुम्हाला कळतं कुठून?" मी एकदा विचारलं. "माणसांना विचारून," एवढंच म्हणाले. हातातली निळ्या पुठ्ठ्याची वही मिटली आणि तिच्यावर डबा ठेवला. तो डबा वहीवर ठेवायचं काय कारण होतं? माझं डोकं तिथंच अडकलं.

मग पत्रं वाढू लागली. पोर्तुगाल, पोलंड, इटली. पत्ता कारखान्याचा, नाव डी. के. भोईर. ते म्हणत, बेलवलीत पोस्टमन पत्र कुणाच्याही ओटीवर टाकून जातो, म्हणून इथला पत्ता दिला. मला हे पटेना. एक दिवस उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मी शिलाई मशीनचा पट्टा आणायला गेले होते, तर हे लालचंदच्या रद्दीच्या दुकानात परदेशी मासिकांच्या ढिगाऱ्यात बसलेले. ते गेल्यावर मी लालचंदला गाठलं. तो म्हणाला, "साईं हर महिने आता है, बहनजी. फोटो नहीं देखता, कुछ नहीं. बस पीछे का पन्ना देखता है, पता लिखता है और किताब वापस रख देता है." नुसते पत्ते! त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, इथं पाणी मुरतंय. तो म्हणाला, "तुला आमटीतसुद्धा पाणी मुरलेलं दिसतं." आणि कूस बदलून झोपला.

आणि एक दिवस स्टोअरकडून परत आलेल्या फाइलीत मला ती चिठ्ठी सापडली. भोईरांचं वळणदार अक्षर.

"पेद्रो: उत्तर आलं. उपयोग नाही. पिएत्रो: आजोबांमार्फत. प्योत्र: शहानिशा बाकी. पिएर: गप्प. पुन्हा लिहिणे. पेटार: भरवसा वाटतो. वाट पाहणे."

माझे हातपाय गार पडले. खोटं कशाला सांगू, त्या गारव्यात एक समाधानही होतं. मी म्हणत नव्हते? चिठ्ठी घेऊन मी सरळ सिक्युरिटीच्या मेजरसाहेबांकडे गेले. भोईरांची नोकरी जाईल, हे मला कळत नव्हतं असं नाही. शिवाय स्टोअर सुपरिंटेंडंटची जागा रिकामी होणार होती आणि ती त्यांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. तरीही मी गेले.

तासाभरात भोईरांना बोलावणं आलं. मलाही रजिस्टर घेऊन उभं केलं. भोईरांनी आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ये पेद्रो कौन है?" मेजरसाहेबांनी सुरुवात केली.

"पोर्तुगालमध्ये पोस्टात आहे, साहेब."

"पिएत्रो?"

"इटलीचा. पावाची भट्टी आहे त्याची."

"और ये आजोबा कौन है?"

"त्याचे आजोबा, साहेब. वारले ते."

मेजरसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "सीधा जवाब दो. कौन हैं ये पाँच आदमी?"

"माणसं पाच आहेत, साहेब. नाव एकच आहे."

मेजरसाहेब खुर्चीत सरळ झाले. त्यांनी कागदावर ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "एक नाम. असली नाम बोलो."

भोईरांनी कानशिलावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "तेच माझंही नाव आहे."

झालं, सापडला, असं मला वाटलं.

"डी म्हणजे दगडू," भोईर म्हणाले. "पीटर म्हणजे दगड. ग्रीकमधून आलंय. पेद्रो, पिएर, पिएत्रो, सगळे दगडच." आवाज इतका खाली गेला होता की मी पुढं वाकले. "माझ्या आधी आयेची तीन पोरं गेली, साहेब. एकही वर्षाचं झालं नाही. मी झालो तेव्हा तिनं बारसं केलं नाही. म्हणाली, चांगलं नाव ठेवलं की यमाचं लक्ष जातं. दगडाला कोण हात लावतो? म्हणून दगडू. शाळेत पोरं खडे मारायची. दगडाला दगड लागत नाही म्हणायची. मला एवढंच बघायचं होतं, जगात एखाद्या पीटरचं नाव त्याच्या आईनं असं घाबरून ठेवलंय का. मासिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावरून पत्ते काढतो आणि प्रत्येकाला तेवढंच विचारतो. पत्रं माझ्या खणात आहेत, उघडून बघा."

पत्रं उघडली. खरंच तेवढंच होतं. पेद्रोचं नाव संतावरून, पिएत्रोचं आजोबांवरून.

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "हमारे यहाँ घसीटाराम होते हैं," ते हळूच म्हणाले. "बच्चे को ज़मीन पर घसीटकर नाम रखते हैं, इसी वजह से. मेरे चाचा थे." आणि भोईरांना जायला सांगितलं.

पण केबिनच्या दाराला कान होतेच. संध्याकाळपर्यंत साऱ्या कारखान्याला कळलं. दुसऱ्या दिवशी कुणी "काय दगडोबा!" म्हणालं, कुणी गोदामाच्या फळीवर विटेचा तुकडा ठेवून खाली डी. के. लिहिलं. सुपरिंटेंडंटची जागा दुसऱ्याला मिळाली. ज्याची एकदा चौकशी झाली त्याला कशाला पुढं आणा, असं वर ठरलं म्हणे. भोईर एकदाच माझ्या टेबलाशी आले. "जाधवबाई, माझ्या नावानं बाहेरचं पत्र आलं तर परत पाठवा." बस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात नवी टायपिस्ट रुजू झाली. भोईरांनी तिला मान हलवून नमस्कार केला आणि पुढं गेले. नाव कोणी ठेवलं, हे विचारलं नाही. मी काय करून बसले होते ते मला त्या क्षणी कळलं.

चार महिन्यांनी युगोस्लाव्हियाहून पाकीट आलं. पाठवणारा पेटार. परत पाठवायचा शिक्का माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच रजिस्टरात न चढवता एक पत्र पर्समध्ये घातलं आणि रविवारी रिक्षा करून बेलवलीला गेले.

ओटीवर भोईरांची आई वाल सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची, वाळलेली, पण डोळे लखलखीत. भोईर बाहेर आले आणि मला बघून दारातच थांबले. "परत काही सापडलं का?" त्यांनी विचारलं. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी पाकीट पुढं केलं. म्हटलं, "माझं चुकलं, भोईर. तोंड नाही मला. पण हे वाचा."

त्यांनी उभ्यानंच वाचलं. इंग्रजी मोडकंतोडकं असावं, कारण ते ओठ हलवत दोनदा वाचत होते. मग आईजवळ खाली बसले.

"आये, एका मानसाचा पत्र हाय. लांबच्या देशातला. त्याचा नाव पन दगडूच, पन आज्यावरनं ठेवलेला. त्याच्या भावाचा नाव हाय वुक. वुक म्हंजे लांडगा. त्यांच्या आयशीची तीन पोरा गेली. तिकडं म्हनतात, चेटकिनी पोरा खातात, पन लांडग्याला भितात. म्हनून चवथ्याचा नाव तिनी लांडगा ठेवला."

म्हातारीचे हात थांबले. इतका वेळ तिनं वर पाहिलं नव्हतं, आता पाहिलं.

"आन तो जगला का?"

भोईरांनी पुन्हा कागद डोळ्यांशी नेला. बोट ओळीवर फिरत होतं. "जगला, आये. साठीचा झाला. मदमाश्या पालतो."

"बरा केलान तिनी," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली. भोईर मात्र कागद गुडघ्यावर ठेवून ढसाढसा रडले. एवढा मोठा माणूस, दोन पेनं खिशाला लावणारा. मला कुठं बघावं कळेना.

मग मी बोलले. आजवर घराबाहेर कुणालाही न सांगितलेलं. "भोईर, तुम्ही मला विचारलं होतंत. सुनंदा हे माझं लग्नातलं नाव, ताटात तांदळावर लिहिलेलं. माहेरी साताऱ्याकडं मी चौथी मुलगी. आजीनं नाव ठेवलं नकुसा. नको असलेली. शाळेच्या दाखल्यावरही तेच आहे. म्हणून नोकरीला लागल्यापासून मी तो दाखला चारचौघांत कधी बाहेर काढला नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. नाव लपवणाऱ्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता, तो उगाच नव्हता.

या माणसाकडे प्रत्येक नावाला युरोपातलं एखादं भावंड असायचं, या वेळी मात्र त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. म्हातारीच म्हणाली, "पन तू पन जगलीस ना?" आणि वालाचं सूप माझ्याकडे सरकवलं. मी सोलायला बसले.

निघताना भोईर फाटकापर्यंत आले. "नावांच्या वहीत हे लिहिणार नाही," म्हणाले. "तुम्ही सांगितलंत, पण या वेळी मी विचारलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी मस्टरवर त्यांनी पूर्ण सही केली. दगडू कान्हू भोईर. ठसठशीत. चिडवणारे आठ दिवसांत कंटाळले, आणि भोईर पुन्हा भेटेल त्याला विचारू लागले, "कोणी ठेवलं? आणि का?"

ते निवृत्त झाले. आई गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेही गेले, झोपेतच. दहाव्यानंतर त्यांचा पुतण्या निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन माझ्याकडे आला. "काकांनी तुम्हाला द्यायला सांगितली होती."

तो जाताच मी दार लावलं आणि वही चाळायला बसले. दुःख होतंच, पण स्वभाव कुठं जातो? न लिहिण्याचा शब्द या माणसानं पाळला होता का, ते मला बघायचं होतं. पानापानावर चार रकाने. नाव, अर्थ, कोणी ठेवलं, का. योहान, जॉर्ज, मार्गारेट, परेरा, मेजरसाहेबांचे चाचा घसीटाराम. पेटारच्या भावाचं पान होतं, आणि तिथं त्यांनी हातानं पाचवा रकाना आखला होता, "जगला का?" खाली लिहिलं होतं, "हो." त्याच्याखाली "दगडू," आणि तिथंही "हो." मी शेवटच्या पानापर्यंत एकेक ओळ बोटानं तपासली. माझं नाव कुठंही नव्हतं.

मग मी उठले, पेन आणलं आणि दगडूच्या खालच्या ओळीत माझ्या हातानं लिहिलं. नाव: नकुसा. अर्थ: नको असलेली. कोणी ठेवलं: आजीनं. का: चौथी मुलगी म्हणून.

पाचव्या रकान्यावरचं "जगला का?" मी पुन्हा एकदा वाचलं. मग तिथंही लिहिलं, हो.