बाईंनी वगळलेले पान

डॉ. वसुधाबाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी लिहिणार. त्यांत मी मॅट्रिक झालेली गृहिणी. बाईंनी नेमका कशाचा अभ्यास केला, हे मला आजही धड सांगता येत नाही. जे घडले ते सांगते.

पहिली ओळख नाशिकरोडला श्रोता संघाच्या मेळाव्यात झाली. कॅसेटचे दिवस होते. हातात टेपरेकॉर्डर घेतलेल्या बाई म्हणजे रेडिओच्याच असणार, असे समजून मी त्यांना फर्माइशीचे पोस्टकार्ड दिले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"मी रेडिओची नाही हो. कॉलेजात शिकवते. गाण्यांच्या चाहत्यांचा अभ्यास करते."

"गाण्यांचा?"

"नाही, चाहत्यांचा. तुमचा."

"माझ्यात काय अभ्यासायचंय? नापास व्हाल," मी म्हटले. बाई मनापासून हसल्या.

मग त्या एकलहऱ्याला आमच्या क्वार्टरवर येऊ लागल्या. आमचे हे वीजकेंद्रात कामाला. बाई चटईवर बसत. कुठले गाणे लागले की मी गॅस बारीक करते, हेसुद्धा त्यांनी लिहून घेतले. पोळी जळू नये म्हणून, की शब्द ऐकू यावेत म्हणून, असे विचारले. मला सांगता आले नाही. त्यांनी तेही लिहून घेतले.

एका दुपारी मी त्यांना असे काही सांगितले, जे कुणालाच सांगितले नव्हते. माझ्या आवडत्या गायकांचा घसा बिघडला, गाणे बंद होणार, असे पेपरात आले होते. मी त्यांच्यासाठी सोळा सोमवार धरले. घरात सर्वांना वाटले, यांच्या बढतीसाठी. उद्यापनाला सायखेड्याहून सासूबाई आल्या. चुरम्याचा नैवेद्य पाहून म्हणाल्या, "लय कडक व्रत हाय. माझ्या लेकाचं नशीब काढलं तू." मी मान खाली घातली. पुढे गायक पुन्हा गाऊ लागले, आणि यांनाही बढती मिळाली. महादेवाने कुणाचे पुण्य कुणाला दिले, मला कळेना.

"परक्या पुरुषासाठी व्रत केलं, हे पाप का हो बाई?"

"मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण इतकं मोलाचं मला कुणी सांगितलं नाही. लिहू का? नाव घालणार नाही."

मी हो म्हटले, आणि घाबरले. घरी कळले तर सासूबाईंना काय तोंड दाखवू?

बाईंनी या अभ्यासावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. तो तपासणाऱ्यांनी नेमके त्याच पानावर बोट ठेवले. अशी बाई खरोखर असेल तर नाव-पत्ता द्या, नाहीतर ही मनची गोष्ट समजू. बाईंच्या एका विद्यार्थिनीकडून हे कळले, तशी मी कॉलेजात गेले. "देऊन टाका नाव," म्हटले खरे, पण लगेच विचारले, सासूबाईंपर्यंत जाणार नाही ना? बाईंनी ते पान काढले आणि टेबलाच्या खणात ठेवले.

"विश्वासाने सांगितलंत. पदवीचं काय, एका पानावाचूनही मिळेल."

पदवी मिळाली. पण मुख्य मुद्द्याला पुरेसा आधार नाही, असा शेरा पडलाच. बाईंनी तो मला कधी ऐकवला नाही. त्याच विद्यार्थिनीने सांगितला. रोज पूजा करणारी मी घरच्यांपासून लपवत राहिले, आणि देवळाची पायरी न चढणाऱ्या बाईंनी माझा शब्द पाळला. याचा मेळ मला अजून लागत नाही.

सासूबाई आता नाहीत. हा लेख लिहायला घेतला तेव्हा यांना सगळे सांगितले. यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग म्हणाले, "म्हणजे माझी बढती त्या बुवाच्या घशावर झाली?" चष्मा पुसून झाल्यावर म्हणाले, "लिही. नाव नीट लिही."

तरी विद्वानांस नम्रपणे कळवते की ती बाई खरी आहे. नाव सौ. मंदाकिनी, राहणार एकलहरे कॉलनी. वसुधाबाईंना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, डोळे-कान शाबूत राहोत, आणि ते पान त्यांच्याच हातून प्रबंधाच्या पुस्तकात आपल्या जागी बसो.