मागावरचं लुगडं

वडगावच्या विणकराची पोर अमेरिकेला शिकायला गेली, तिथंच शास्त्रज्ञ झाली, अंतराळवीर झाली. एवढंच माझं चरित्र.

उड्डाणाच्या आधी घरी आले होते. यानात सोबत घरची एखादी लहानशी वस्तू नेता येत होती. आईच्या मागावर अंजिरी लुगडं चढलेलं. म्हटलं, यातलाच हातरुमालाएवढा तुकडा कापून दे.

"अर्धं लुगडं मागावरनं कापत न्हाईत गं. पुरं हुं दे, सगळंच घिऊन जा."

वजनाचा नियम सांगून सांगून मी वैतागले. कसलं हे खूळ! तशीच तणतणत परत गेले आणि रिकाम्या हातानं पृथ्वीभोवती फिरून आले.

लुगडं पुढं पुरं झालं. आईनं ते विकलं नाही, नेसलंही नाही. "लेक परत वर जाईल तवा न्हेईल," म्हणायची. मला परत कुणी वर पाठवलं नाही.

मग तार आली. सगळ्या पृथ्वीला फेऱ्या घातलेली मी, वडगावला पोचले तेव्हा आईचं सगळं उरकलं होतं. दारात थोरली बहीण उभी होती. मी लुगड्याचं विचारलं.

"घरात नवं लुगडं त्येवढंच हुतं," आक्का म्हणाली. "त्याची घडी आईवरच मोडली."